जुन्या जीपला पार्ट बसत नाही? आधी आत कुठलं इंजिन आहे ते ओळखा

जुनी जीप बाळगणाऱ्यांची एक तक्रार वर्षानुवर्षं ऐकतोय: "गाडीचं मॉडेल सांगून पार्ट मागवला, तरी बसला नाही." मग दुकानदाराशी वाद, पार्ट परत पाठवायचा, पुन्हा पंधरा दिवस वाट बघायची आणि दुसरा आला की तोही बसत नाही. हे दोनदा झालं की दुकानदाराला फोन करणं थांबवा आणि बोनेट उघडा. दोष बहुतेक वेळा पार्टाचा नसतो. आरसी बुकात एक इंजिन असतं आणि गाडीत दुसरंच बसलेलं असतं.

माझ्याकडे मामांची जीप आहे, सीजे-३बी, १९६२ ची. संगमनेरला उसाच्या शेतात राबलेली. मामांना ती सेकंडहँड मिळाली होती, त्यामुळे आधीच्या मालकाने तिच्यात काय काय केलं हे त्यांनाही धड माहीत नव्हतं. माझ्याकडे आल्यावर पहिल्याच वर्षी तीन पार्ट चुकले. हेड गॅस्केट मागवलं, त्याची भोकंच जुळेनात. सेल्फ नवा बसवला, तो खर्रर्र करून फ्लायव्हीलचे दात खायला लागला. इंजिन तापलं की ऑइलचं प्रेशर पडायचं, म्हणून ऑइल पंप मागवला. तो ब्लॉकवर बोल्टने बसला, पण आतला गिअर कॅमशाफ्टच्या (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याच्या) गिअरला लागेना. तिन्ही वेळा दुकानदाराने मागितलेलाच पार्ट दिला होता. मीच चुकीचं नाव सांगत होतो.

यातलं अर्धं कोडं तिसरा पार्ट मागवण्याआधीच सोडवलं होतं ते आमच्या नाशिकच्या वस्तादांनी. बोनेट उघडून त्यांनी इंजिनाकडे पाहिलंच नाही. बोनेटच्या आतल्या पत्र्यापासून हेडपर्यंत हाताची वीत धरली आणि म्हणाले, "अहो, एवढी जागा रिकामी कशी?"

या प्रश्नात जीपचा इतिहास आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज कंपनीच्या 'एमबी' जीपमध्ये 'गो डेव्हिल' इंजिन होतं. ते साइड व्हॉल्व्ह, म्हणजे इनटेक आणि एक्झॉस्ट दोन्ही व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये, त्यामुळे हेड सपाट आणि इंजिन बुटकं. पुढे विलीजने 'हरिकेन' आणलं. त्यात एक्झॉस्ट व्हॉल्व्ह ब्लॉकमध्येच राहिले, पण इनटेक व्हॉल्व्ह वर हेडमध्ये गेले. इंजिन उंच झालं, जुन्या बोनेटखाली मावेना, म्हणून १९५३ च्या सीजे-३बीला उंच नाक आणि उंच बोनेट मिळालं. महिंद्राने भारतात वर्षानुवर्षं बनवली ती हीच उंच नाकाची जीप. तेव्हा ३बीच्या बोनेटखाली वीतभर मोकळी जागा दिसली, तर आत हरिकेन नाही हे तिथेच कळतं. आमच्या जीपमध्ये युद्धकाळातलं गो डेव्हिल बसलेलं होतं.

वरून पाहून ओळखायचं कसं

पेट्रोल जीपमधली ही दोन इंजिनं आकड्यांवरून वेगळी करता येत नाहीत, आणि लोक इथेच फसतात. दोन्हींचा बोअर (सिलिंडरचा व्यास) ३ १/८ इंच, स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली चाल) ४ ३/८ इंच, म्हणजे दोन्ही साधारण २,१९९ सीसी. दोन्हींचा फायरिंग ऑर्डर १-३-४-२. आरसीवरची सीसी जुळली म्हणून इंजिन तेच असं समजू नका. फरक डोळ्यांना दिसतो, तो पाहायला शिका.

गो डेव्हिलला हेडवर टॅपेट कव्हर, म्हणजे व्हॉल्व्हवरचं झाकण, नसतंच. वर फक्त सपाट लोखंडी हेड, बोल्टच्या रांगा आणि हेडमध्ये वरून उभे घातलेले चार प्लग. व्हॉल्व्हचं झाकण ब्लॉकच्या बाजूला असतं, मॅनिफोल्डच्या (हवा आणि धूर वाहणाऱ्या जोडनळीच्या) आड. हरिकेनवर मात्र पत्र्याचं लांबट टॅपेट कव्हर दिसतं आणि कार्बोरेटर थेट हेडच्या डोक्यावर बसलेला असतो, कारण इनटेकचा रस्ता हेडमध्येच ओतलेला आहे. वेगळं इनटेक मॅनिफोल्ड नाही. कार्बोरेटर हेडच्या वर असेल तर हरिकेन. बाजूच्या मॅनिफोल्डवर असेल आणि वर टॅपेट कव्हर नसेल तर गो डेव्हिल. एवढं पाहायला पाना लागत नाही.

माझं गॅस्केट का बसलं नाही हे इथेच उमगलं. "३बीचं गॅस्केट" म्हटल्यावर दुकानदार हरिकेनचंच देणार.

नंबर कुठे शोधायचा आणि कसा वाचायचा

दिशा नेहमी ड्रायव्हरच्या सीटवर बसून, पुढे तोंड करून धरा. युद्धकाळातल्या एमबीचा इंजिन नंबर ब्लॉकच्या उजव्या बाजूला, पुढे वरच्या भागात, ऑइल फिल्टरच्या मागच्या छोट्या उंचवट्यावर पंच केलेला असतो. युद्धानंतरच्या सिव्हिलियन इंजिनांचा नंबर ब्लॉकच्या समोर, वॉटर पंप बसतो त्या उंचवट्यावर. दोन्हीकडे पन्नास-साठ वर्षांचं ग्रीस आणि रंगाचे थर असतात. रॉकेलचा बोळा, तारेचा ब्रश आणि धीर, एवढंच वापरा. ग्राइंडर अजिबात लावू नका. पंच केलेले आकडे उथळ असतात, एकदा घासले गेले की परत येत नाहीत, आणि आरटीओत तुमच्याच गाडीवर संशय घेतला जातो. साफ झाल्यावर जागा कोरडी करून खडूची पूड चोळा आणि टॉर्च बाजूने तिरका धरा. मग पातळ कागद ठेवून पेन्सिलने छाप काढा. चेसिस नंबरची पेन्सिल प्रिंट आपण आरटीओसाठी काढतो, तशीच.

आकड्यांच्या आधीची अक्षरं बरंच सांगतात. विलीजच्या पद्धतीप्रमाणे युद्धकाळातल्या इंजिनावर 'एमबी', फोर्डने बनवलेल्या त्याच जीपच्या इंजिनावर 'जीपीडब्ल्यू', युद्धानंतरच्या सीजे-२ए मॉडेलच्या इंजिनावर नुसता 'जे', सीजे-३एवर '३जे' आणि ३बीच्या हरिकेनवर '४जे'. फोर्डचा माल आणखी एका खुणेने ओळखता येतो. फोर्ड आपल्या पार्टांवर, कित्येकदा बोल्टच्या डोक्यावरही, 'एफ' अक्षर उमटवत असे. विलीजच्या इंजिनावर तशा एफचे दोन-चार बोल्ट दिसले तर घाबरू नका, ते कुणीतरी कधीतरी बदललेले असतात. पण ब्लॉकवर ओतीवातच जीपीडब्ल्यू उठून दिसलं, तर ब्लॉक फोर्डचा.

इथे एक गैरसमज दूर करायलाच हवा, कारण त्यापायी लोकांचे पैसे जातात. "मॅचिंग नंबर आहे, म्हणून मूळ इंजिन आहे," असं सांगून जुन्या जीपची किंमत चढवली जाते. फोर्ड जीपीडब्ल्यूच्या बाबतीत ते बरोबर आहे, कारण फोर्डने इंजिन आणि चेसिसला एकच नंबर दिला. विलीज एमबीमध्ये मात्र कारखान्यातून निघतानाच दोन नंबर वेगळे होते. त्यामुळे एमबीचे इंजिन आणि चेसिस नंबर तंतोतंत जुळत असतील, तर ते चांगलं लक्षण नाही. नंबर नंतर कुणी मारला का, हे तपासायची ती जागा.

नंबर नंतर मारला असेल तर पृष्ठभाग बोलतो. आजूबाजूच्या ओतीवाला दाणेदार खरबरीतपणा असतो. नंबराखालची जागाच तेवढी गुळगुळीत, किंचित खोलगट, ग्राइंडरच्या समांतर रेषा असलेली दिसली, आकडे वर-खाली सरकलेले असले, तर थांबा. अशी गाडी घेऊ नका, कितीही आवडली तरी.

नंबराच्या शेवटी कधी एकटं अक्षर दिसतं, त्याकडेही दुर्लक्ष करू नका. विलीजच्या सिव्हिलियन इंजिनावर शेवटचं 'ए' म्हणजे मेन आणि कनेक्टिंग रॉडची बेअरिंग कारखान्यातूनच ०.०१० इंच अंडरसाइज, 'बी' म्हणजे पिस्टन ०.०१० इंच ओव्हरसाइज, आणि 'एबी' म्हणजे दोन्ही. हे न पाहता स्टँडर्ड बेअरिंग मागवली की पुन्हा तेच रडगाणं.

एकाच नावाची दोन इंजिनं

माझा ऑइल पंप का बसला नाही, ही या सगळ्यातली सगळ्यात शिकण्यासारखी गोष्ट. गो डेव्हिल आहे हे कळल्यावर मी गो डेव्हिलचाच पंप मागवला होता, तरी तो लागला नाही.

युद्धकाळातल्या गो डेव्हिलमध्ये कॅमशाफ्ट टायमिंग चेनने फिरते. युद्धानंतर, सीजे-२एच्या काळात, विलीजने चेन काढून टायमिंग गिअर घातले. चेनने जोडलेली कॅमशाफ्ट क्रँकच्याच दिशेने फिरते. दोन गिअर एकमेकांना लागले की दुसरा उलटा फिरतो. म्हणजे एकाच नावाच्या दोन इंजिनांत कॅमशाफ्ट परस्परविरुद्ध दिशांना फिरते. ऑइल पंप तिच्यावरच्या तिरक्या दातांच्या गिअरवर चालतो, आणि डिस्ट्रिब्युटरही त्याच पंपाच्या शाफ्टवरून फिरतो. डिस्ट्रिब्युटरची दिशा तीच ठेवायची म्हणून दातांचा तिरकेपणा उलटा केला. चेनवाल्या इंजिनात गिअरवाल्याचा पंप घातला की दात दातांवर आडवे येतात. माझ्या जीपमध्ये नेमकं हेच झालं होतं.

इंजिन न उघडता हे ओळखता येतं. ब्लॉकला बाजूने बोल्ट केलेला पेट्रोल पंप काढा, दोन बोल्टचं काम आहे. भोकातून कॅमशाफ्टवरचा एक्सेंट्रिक, म्हणजे मध्य सोडून बसवलेली चकती, दिसतो. प्लग काढून ठेवा म्हणजे इंजिन हलकं फिरेल, मग एकाने समोरून हँडल हळूहळू घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरवायचं आणि दुसऱ्याने टॉर्च घेऊन भोकात पाहायचं. गाडीच्या समोर उभं राहून पाहिलं असतं तर कॅमशाफ्ट कुठल्या दिशेने फिरली असती, याचा विचार करा. हँडलच्याच दिशेने फिरत असेल तर चेन, उलट फिरत असेल तर गिअर. आमच्याकडे वस्ताद हँडलवर होते आणि मी भोकाशी. दोन वेळा फिरवून घेतलं, कारण पहिल्या वेळी माझा विश्वासच बसला नाही.

सेल्फचा घोळही याच घराण्यातला. युद्धकाळातल्या फ्लायव्हीलला ९७ दात, नंतरच्या बहुतेक सिव्हिलियन जीपच्या फ्लायव्हीलला १२४. सेल्फचा पिनियन दातांच्या जाडीप्रमाणे वेगळा लागतो. सेल्फ खर्रर्र करत असेल तर तो बदलण्याआधी खडूने एका दातावर खूण करा आणि हँडल फिरवत दात मोजा. कंटाळवाणं काम आहे, पण नव्या रिंग गिअरच्या खर्चापेक्षा बरं. क्लचलाही हाच नियम. एमबीची क्लच प्लेट ७ ७/८ इंचाची, सीजेची ८ १/२ इंचाची.

डिझेल निघालं तर

महाराष्ट्रात खेडोपाडी चाललेल्या जीपपैकी कित्येकींत आज पेट्रोल इंजिन सापडतच नाही. डिझेल स्वस्त होतं, गाडी रोज चालायची, म्हणून मालकांनी मिळेल ते डिझेल इंजिन बसवलं. त्यात मला चूक वाटत नाही. त्या गाड्या त्यामुळेच चालत्या राहिल्या. पण आज ओळखायचं तर डोळे उघडे ठेवावे लागतात, कारण डिझेल जीप कारखान्यातूनही आल्या आणि गॅरेजमध्येही बनल्या.

महिंद्राच्या जीपमध्ये सर्रास दिसणारं प्यूजो एक्सडीपी ४.९० आपली ओळख नावातच घेऊन आलंय: ४ सिलिंडर, ९० मिलिमीटरचा बोअर. स्ट्रोक ८३ मिलिमीटर, एकूण २,११२ सीसी. त्याच घराण्यातलं पुढचं एक्सडी३पी ९४ बाय ९०, म्हणजे २,४९८ सीसी. दुसरं घराणं ट्रॅक्टरचं. महिंद्राने १९६३ मध्ये इंटरनॅशनल हार्वेस्टरबरोबर ट्रॅक्टर काढले, आणि त्या बी-२७५ ट्रॅक्टरचं साधारण २,३५० सीसीचं इंजिन जीपमध्येही आलं. त्याचा स्ट्रोक १०१.६ मिलिमीटर, म्हणजे बरोबर ४ इंच. तिसरं म्हणजे मॅटाडोरचं, मर्सिडीजच्या रचनेचं २.४ लिटरचं. आकुर्डीच्या बजाज टेम्पोमुळे मॅटाडोर आपल्याकडे घरोघरी माहीत आणि तिची इंजिनं भंगारातही भरपूर, त्यामुळे जीपमध्ये ती हमखास सापडतात.

प्लेट गेलेली, नंबर वाचता येत नाही, तर हेड उतरलेलं असताना व्हर्नियर घ्या. पिस्टन सगळ्यात वर आणि सगळ्यात खाली असताना खोली मोजा, फरक म्हणजे स्ट्रोक. तो आधी मोजा, बोअर नंतर. जुनं इंजिन दोन-तीनदा बोअर झालेलं असतं, त्यामुळे बोअर मूळ मापापेक्षा वाढलेला निघतो, पण क्रँक तीच असेल तर स्ट्रोक हलत नाही. ८३ निघाला तर एक्सडीपी, ९० निघाला तर एक्सडी३पी, १०१.६ निघाला तर ट्रॅक्टरचं घराणं. सीसी काढायची तर बोअर गुणिले बोअर गुणिले स्ट्रोक, सगळं सेंटिमीटरमध्ये, त्याला ०.७८५४ ने आणि सिलिंडरच्या संख्येने गुणा.

कारखान्याचं डिझेल की गॅरेजचं, हे इंजिनापेक्षा गाडीच जास्त सांगते. गाडीखाली आडवे झोपा. इंजिनाचं फाउंडेशन चेसिसला जिथे धरलंय तिथे रिव्हेट आहेत की गॅसने कापून वेल्डिंग केलेल्या पट्ट्या? क्रॉस मेंबर कापून खाली घेतलाय का? प्रोपेलर शाफ्टवर वेल्डिंगचा जोड आहे का, म्हणजे लांबी कमी-जास्त केली का? रेडिएटर पुढे सरकवून नव्या भोकांत बसवलाय का? डॅशबोर्डमागच्या पत्र्याला हातोडीने खड्डा पाडून जागा केलीय का? पुढच्या स्प्रिंगच्या पाट्यांत एखादा पाटा जास्तीचा आहे का? आणि डॅशबोर्डवर हीटर प्लगच्या स्विचचं भोक. हे शेवटचं फार उपयोगी पडतं. पुष्कळदा डिझेल जीप विकण्यासाठी पुन्हा पेट्रोल केली जाते आणि "मूळ पेट्रोल" म्हणून समोर येते, पण ते भोक तसंच राहतं, वर रबराचं बूच लावलेलं.

बदललेल्या डिझेलवाल्या गाडीच्या नेहमीच्या कुरबुरीही याच खुणांत सापडतात. पंखा रेडिएटरच्या मध्यावर येत नाही, म्हणून घाटात गाडी तापते. वेल्डिंगच्या पट्ट्या डिझेलच्या हादऱ्याने तडकतात, म्हणून फाउंडेशनचे रबर वर्षाला जातात. गाडी ५०-५५ च्या पुढे ओरडते, कारण सीजेचा डिफरन्शियल ५.३८ चा आहे आणि डिझेल तेवढं फिरत नाही. थर्मोस्टॅट, रबर आणि पंप बदलत राहण्याआधी एवढं तपासा.

जीपच्या बाहेरही हीच रीत चालते. फियाट ११०० चं आपलं १,०८९ सीसीचं इंजिन ६८ बाय ७५, आणि इटलीतल्या ११००डीचं १,२२१ सीसीचं ७२ बाय ७५. स्ट्रोक तोच, त्यामुळे तिथे बोअर पाहावा लागतो. पद्मिनीत प्रीमियर ११८ एनई गाडीचं १,१७१ सीसीचं निसान इंजिन बसवलेलंही सापडतं. ॲम्बेसेडर सुरुवातीला १,४७६ सीसीच्या साइड व्हॉल्व्ह इंजिनावर होती, मग १,४८९ सीसीचं ओव्हरहेड व्हॉल्व्ह आलं, खूप नंतर १,८१७ सीसीचं इसुझू. पहिल्याच्या डोक्यावर टॅपेट कव्हर नाही, बाकी दोघांच्या आहे.

कागदपत्रांचं काय

ओळख पटली आणि इंजिन आरसीशी जुळलं नाही, तर हे लपवू नका. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे इंजिन बदलायला नोंदणी अधिकाऱ्याची परवानगी लागते आणि बदल केल्यापासून १४ दिवसांत तो कळवावा लागतो. जुन्या मालकाने हे केलं नसेल तर ओझं तुमच्यावर येतं, म्हणून गाडी घेण्याआधी पेन्सिल प्रिंट आरसीशेजारी धरून एकेक अक्षर वाचा. 'ओ' आणि शून्य, 'आय' आणि एक यांची नोंदीत अदलाबदल झालेली मी दोन गाड्यांत पाहिली आहे. ती दुरुस्त होते. पूर्ण वेगळा नंबर ही दुसरी गोष्ट.

जुलै २०२१ पासून ५० वर्षांपेक्षा जुन्या गाड्यांना 'व्हीए' मालिकेत व्हिंटेज नोंदणी मिळते. पहिल्या नोंदणीला २०,००० रुपये, पुन्हा नोंदणीला ५,०००. अट अशी की गाडी मूळ रूपात असावी, चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल झालेला नसावा. माझ्या १९६२ च्या जीपमध्ये युद्धकाळातलं इंजिन आहे. घराणं तेच, सीसी तीच, दिसायला देखणं, पण त्या गाडीचं ते मूळ इंजिन नाही. व्हीएचा अर्ज मी केलेला नाही. हरिकेनचा चांगला ब्लॉक शोधतोय, तो मिळेपर्यंत थांबेन. आताचं इंजिन मात्र विकणार नाही.

चेनवाल्या एमबीचा ऑइल पंप शेवटी दिल्लीहून आला. या वेळी फोनवर मी गाडीचं नाव घेतलंच नाही. फक्त "एमबी, चेन टायमिंग, ९७ दात" एवढं सांगितलं आणि जुन्या पंपाच्या गिअरचा फोटो पाठवला, दातांचा तिरकेपणा दिसेल असा. पंप हाताने ढकलला तसा आत गेला, किंचित फिरून जागेवर बसला. घोटीवरून कसाऱ्यापर्यंत जाऊन आलो, इंजिन पुरतं तापलं, तरी प्रेशरचा काटा ३० च्या खाली आला नाही. त्या रात्री एका पुठ्ठ्यावर पेनाने लिहिलं: ब्लॉक एमबी, टायमिंग चेन, हेड सपाट, दात ९७, गिअरबॉक्स सीजेचा, इंजिन आरसीशी जुळत नाही. खाली तारीख घातली आणि पुठ्ठा प्लास्टिकच्या पिशवीत घालून सीटखालच्या टूलबॉक्सच्या झाकणाला आतून चिकटवला.